पालथी पाटी

१

दोन वाजून चोवीस मिनिटांनी कालेसिता धावत सभागृहात आली, तेव्हा तिच्या देशाची पाटी टेबलावर पालथी पडली होती आणि सतरावा परिच्छेद मंजूर होऊन सात मिनिटं झाली होती.

ती ओरडली नाही. आमच्या इमारतीत कुणी ओरडत नाही. तिनं पाटी उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि सगळ्या रांगा ओलांडून थेट व्यासपीठावर, माझ्याकडे पाहिलं. मी यादीत डोकं घातलं.

मॉन्ट्रियलमधल्या या इमारतीत दर तीन वर्षांनी जगातले सगळे देश विमानांबद्दल काय ते ठरवायला जमतात. ज्याला बोलायचंय त्यानं आपली आडवी पाटी उभी करायची. मी सभापतींच्या डाव्या हाताला बसून उभ्या पाट्या टिपते आणि नावं त्यांच्यापुढे सरकवते. खुर्ची रिकामी असली तरी चालतं. पाटी उभी आहे म्हणजे माणूस आहे, असं आम्ही धरतो.

जगाच्या मोठ्या हवामान-करारात ज्याचा धूर त्याच्या नावावर मांडतात. पण एका देशातून उडून दुसऱ्यात उतरणाऱ्या विमानाचा धूर कुणाचा? तो कुणालाच घरी न्यायचा नव्हता, म्हणून तो आमच्या दारात आला. आम्ही एक रेघ आखली. या रेघेच्या वर जेवढा धूर जाईल, तेवढ्याची भरपाई विमान कंपन्यांनी करायची. सतरावा परिच्छेद ती रेघच वर सरकवत होता. भिंतीवरची पुराची खूण दोन हात वर नेली की पूर येतच नाही, तसं. पुढची कितीतरी वर्षं कुणालाच काही भरावं लागणार नव्हतं.

असल्या मजकुरावर आम्ही मतं मोजत नाही. हरकत आली नाही तर मंजूर. एका जरी देशाची आली तर जुनी रेघ कायम. बाकी सगळ्यांनी कधीच माना डोलावल्या होत्या. उरला होता वैतोआ. प्रशांत महासागरातलं हे बेट एवढंसं, की शाळेच्या छपरावर चढलं तर अख्खा देश दिसतो, असं कालेसिता सांगायची. वैतोआ हरकत घेणार हे तिनं आठवडाभर उघड सांगितलं होतं.

आणि दोन सतराला सभापतींनी मान वळवून मला विचारलं, "कोणी?"

मी रांगांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "कोणी नाही."

हातोडी पडली.

२

सभापती वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. "शेवटची बैठक चार वाजता," ते म्हणाले. "त्याआधी परक्या हातानं पाटी पाडली असं दिसलं, तर मी परिच्छेद पुन्हा उघडीन. चारनंतर माझ्या हातात काही नाही." आणि त्यांनी सुरक्षावाल्यांना न बोलावता मादाम थिबोदोंना बोलावलं.

ओदिल थिबोदो. एकतीस वर्षं या इमारतीतल्या सभागृहांची व्यवस्था तिच्याकडे. डिसेंबरात निवृत्त होणार होती. रबरी तळव्यांचे बूट, थर्मासमध्ये वाटाण्याचं सूप, आणि कुठला राजदूत कुठल्या खुर्चीत डुलक्या काढतो याची तोंडपाठ माहिती. तिनं आम्हा दोघींना मागच्या छोट्या खोलीत बसवलं.

"बोल, पोरी. अगदी पहिल्यापासून."

कालेसितानं पाटी अजून सोडली नव्हती. "दोनला दहा कमी असताना मी जेवून आले. पाटी उभी केली. आमच्या पाटीचा पाय मोडलाय, ती उभी राहत नाही, म्हणून पाण्याच्या पेल्याला टेकवली. मग खुर्चीवर ही चिठ्ठी दिसली."

मोठ्या अक्षरांत, सांभाळून लिहिलेली: गटाची तातडीची बैठक, दोन वाजता, खोली ३१४.

"बेटांचा गट कुणाला चिठ्ठ्या पाठवत नाही," कालेसिता म्हणाली. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, शेवटच्या क्षणी आणखी कुणी आमच्या बाजूनं उभं राहतंय. मी तिसऱ्या मजल्यावर पळाले. तिथे ३१२ आहे, मग भिंत, मग एकदम ३२०. दोनदा फेऱ्या मारल्या."

"३१४ होती," मादाम थिबोदो म्हणाली. "मोठ्या रंगकामात सगळ्या खोल्यांचे नंबर बदलले. सात वर्षं झाली." तिनं चिठ्ठी घडी करून स्वेटरच्या खिशात टाकली. "तुमचे प्रमुख कुठे होते?"

"सेमिसी काका हॉटेलवर पडून होते. गुडघा सुजलाय त्यांचा." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मादाम, तीस वर्षं त्यांनी ही पाटी उभी ठेवली. या वेळी म्हणाले, कालेसिता, शेवटची हरकत तू घे, तुझी ओळख होऊ दे जगाला. आता त्यांना काय तोंड दाखवू? आमच्या आजोबांची थडगी भरतीला पाण्यात जातात. घरी सगळे म्हणतील, हिला पाठवली आणि ही जेवत बसली."

मादाम थिबोदोनं तिच्या हातातून पाटी अलगद काढून घेतली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"नक्की पालथीच होती? नाव खाली?"

"हो."

"मग ही पेल्यावरून घसरलेली नाही," ती म्हणाली. "घसरली असती तर नाव वर राहिलं असतं. ही कुणीतरी ठेवलीय."

३

पहिला संशय कुणावर जाणार हे सांगायला नको. ग्रेगरी पेटिफर विमान कंपन्यांच्या एका महासंघाचा निरीक्षक होता. निरीक्षकांना मागे बसायचं, ऐकायचं, आणि कॉफीच्या वेळी ज्याच्या-त्याच्या कोपराला धरून बाजूला न्यायचं, एवढाच अधिकार. तो कॉफीच्या टेबलापाशीच सापडला.

"या या, मादाम! मला बेड्या घालायला आलात?"

"आधी बिस्कीट संपवा."

तो मनापासून हसला. असल्या माणसांचं हसू छान असतं, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. "मी पहिल्यांदाच आलोय इथे. चार दिवस झाले, अजून मला तुमचं स्वच्छतागृह धड सापडत नाही. काल एका दारातून शिरलो तो थेट दुभाष्यांच्या काचेच्या पेटीत निघालो. आणि मी म्हणे दोनशे माणसांदेखत दुसऱ्या देशाची पाटी पाडली? माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी मला तिथेच चावून खाल्लं असतं."

"तुमचा फायदा तर झाला."

"माझा कसला फायदा? प्रवाशांचा झाला. तुम्ही दर हिवाळ्यात उन्हात जाता ना मादाम, तुमचा झाला."

"मी हिवाळ्यात घरासमोरचा बर्फ उपसते. दोन वाजता कुठे होतात?"

"मागच्या रांगेत. शेजारी शपथेवर सांगतील, घोरत होतो." त्यानं हाताला लागलेला चुरा झटकला. "खरं सांगू? आज इथे मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझं काम मी मागच्या आठवड्यातच उरकलं होतं. एका पत्रात."

"कुणाला पत्र?"

पेटिफर पुन्हा हसला. पण या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मादाम थिबोदोकडेही नाही. तो सभागृहाच्या उघड्या दारातून कालेसिताच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता.

"आमच्या एका सभासद कंपनीनं एका जुन्या, समजूतदार गृहस्थांना लिहिलेलं," तो म्हणाला. "खासगी आहे."

४

तीन वाजले होते. सभागृहात विल्नेर पेले गोळा करत होता. पाणी, पेले, कागद सगळं त्याच्याकडे. हैतीचा, चार वर्षांपूर्वी इथे कामाला लागला.

"विल्नेर, वैतोआचा पेला तू हलवलास?"

"मी?" त्यानं ट्रेच खाली ठेवला. "मादाम, पाटी टेकलेल्या पेल्याला मी हात लावत नाही. तहानेनं कुणी मेलं तरी लावत नाही. मागच्या खेपेला एका देशाची पाटी माझ्यामुळे हलली होती, तर तुम्हीच मला अर्धा तास सुनावलं होतं."

"तीन तास सुनावायला हवं होतं. दोनच्या सुमारास त्या टेबलापाशी कोण आलं?"

"कोणी परकं आलं नाही, मादाम. मी बाजूलाच होतो. शपथ."

"परकं नाही," ती त्याचेच शब्द हळू म्हणाली. "बरं. ३१४ नंबरची खोली कुठे आहे रे?"

"असली खोलीच नाही इथे."

मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मला वाटलं होतं तिचा गुडघा दुखतोय. तसं नव्हतं. माझी पाळी होती.

"अनूक, तू किती वर्षं इथे?"

"पाच. मधे बाळंतपणाची रजा."

"दोन सतराला तुला काय दिसलं? पाटी आडवी दिसली का?"

मी डोळे मिटले. रांगेमागून रांग, काळी अक्षरं, आणि मधेच दात पडल्यासारखी एक फट. "नाही. तिथे नावच नव्हतं. नुसतं पांढरं होतं."

"आणि खुर्ची?"

"रिकामी."

"ती हरकत घेणार हे तुला माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत होतं."

"मी तुझं विचारतेय."

माझी लेओनी आठ महिन्यांची आहे. चौथ्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे बसून मी दर तीन तासांनी दूध काढते, बाटलीवर वेळ लिहिते आणि फ्रीजमध्ये कुणाच्या तरी दह्यामागे लपवते. त्या दिवशी सकाळची बैठक लांबली आणि माझी वेळ हुकली. छाती दगडासारखी झाली होती. सतरावा परिच्छेद आणि त्यामागचे दोन किरकोळ परिच्छेद संपले की पंधरा मिनिटांची सुट्टी होती. सभापतींच्या कानात मला एवढंच म्हणायचं होतं, 'दोन मिनिटं थांबा, वैतोआची बाई येईल.' असं मी याआधी इतरांसाठी कितीदा म्हटलंय.

"मला वर जायचं होतं, मादाम," मी म्हणाले. "दूध भरून आलं होतं."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच उचललाही. मग जणू स्वतःशीच म्हणाली, "पालथी. आजकाल असं कोण करतं?" आणि ताडकन उठली.

"कालेसिताला बोलाव. आपल्याला म्हाताऱ्याकडे जायचंय. हॉटेलवर नाही, खाली चहाच्या दालनात. ज्या माणसाला घरी तोंड दाखवायचं नसतं, तो हॉटेलच्या खोलीत एकटा बसू शकत नाही."

५

सेमिसी काका खिडकीशी बसले होते. पुढ्यात घट्ट दुधाचा चहा, त्यावर साय धरलेली. बाहेर रस्ता खणलेला आणि नारिंगी शंकूंची रांग. मॉन्ट्रियलमध्ये तेवढं एक कायम असतं. कालेसिताला पाहून ते उठायला गेले. गुडघा खरंच सुजला होता.

"काका, तुम्ही कधी आलात?"

"बस, पोरी."

मादाम थिबोदोनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी पाटी, पालथी.

"मोस्यू सेमिसी, मी नुसती मोठ्यानं विचार करते. चुकलं तर सांगा. चिठ्ठीत ३१४ आहे. हा नंबर सात वर्षांपूर्वी गेला. पेटिफर इथे चार दिवस आहे. विल्नेर चार वर्षं, अनूक पाच. त्यांच्या लेखी ती खोली कधी नव्हतीच. हा नंबर जुन्या माणसाच्या हातून सुटलाय. दुसरी गोष्ट, विल्नेर म्हणतो परकं कुणी आलं नाही. मी विचारलं होतं 'कोण आलं'. स्वतःच्या खुर्चीपाशी आलेला माणूस त्याच्या हिशेबात येतच नाही."

म्हातारे चहाकडे पाहत होते.

"तरी पाटी नुसती आडवी करून ठेवली असती, तर मी कुणाचं नाव घेऊ शकले नसते. ती पालथी ठेवली. मी इथे लागले तेव्हा जुन्या लोकांची एक रीत होती. सरकारनं हरकत घ्यायला सांगितलीय, पण आपल्याला आडवं यायचं नाही, अशा वेळी ते पाटी पालथी घालून बाहेर निघून जायचे. नाव खाली. म्हणजे माझा देश हे पाहत नाहीये. ही रीत माहीत असलेले या सभागृहात आता दोघेच उरलेत. एक मी."

कालेसितानं मान हलवली. "नाही. मादाम, तुमचं काहीतरी चुकतंय. काका, सांगा ना यांना."

"३१४ नाही म्हणजे?" सेमिसी काकांनी विचारलं. "भिंत आहे तिथे? मग तू एवढा वेळ कुठे उभी होतीस? तिथे खिडकी होती ग. नदी दिसायची. म्हटलं, तिथे बसून वाट पाहील."

कालेसिता बसली.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं, मग मी वाचलं. फार सभ्य भाषा होती. वैतोआला आठवड्यातून एकच विमान जातं, गुरुवारी. सतरावा परिच्छेद फेटाळला गेल्यास या मार्गाचा फेरविचार करणं कंपनीला दुर्दैवानं भाग पडेल.

"धमकी आहे ही!" कालेसिता म्हणाली. "हे सभेत वाचून दाखवायचं होतं!"

"आणि गुरुवारी?" काका म्हणाले. "आपल्याकडे दवाखान्यात काय आहे? एक परिचारिका आणि एक पंखा. तुझी लोसे डिसेंबरात बाळंत होणार. मूल आडवं आहे. तिला विमानातूनच न्यावं लागणार. माझी बायको बोटीनं गेली होती, परत आली नाही, तुला माहितेय. समुद्र यायचा तेव्हा येईल, पोरी. बाळ डिसेंबरात येणार आहे."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर बहिणीसाठी तू हो म्हणाली असतीस. मग ती पाटी तुझ्या हातानं खाली गेली असती. जन्मभर तुझ्या हातानं." त्यांनी स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवला, पाटीशेजारी. "माझी थोडी वर्षं उरलीत. माझ्या हातानं गेलेली बरी."

कालेसिता त्या हाताकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि मी भिंतीसमोर उभी. वेड्यासारखी. नंबर शोधत."

चारला वीस मिनिटं होती. मादाम थिबोदो घसा साफ करून म्हणाली, "हात परका नव्हता. तेवढ्यावर सभापती परिच्छेद उघडणार नाहीत. पण हरकत घ्या असं तुमच्या सरकारचं लेखी पत्र आहे?"

"माझ्या पिशवीत," कालेसिता म्हणाली.

"मग शेवटच्या बैठकीत पाटी उभी कर. ते पत्र वाच. सांग, आमच्या प्रमुखांनी आदेश मोडला. परिच्छेद उघडावाच लागेल."

तिनं बाकीचं सांगितलं नाही. काका उघडे पडतील, आणि गुरुवारचं काय होईल. ते सगळं टेबलावर होतंच, साय धरलेल्या चहाशेजारी.

६

चार वाजता सभागृह गच्च भरलं. कोट अंगात, बॅगा पायांशी, सगळ्यांची विमानं सुटायची घाई. पेटिफर मागच्या रांगेत होता आणि जागा होता.

वैतोआच्या टेबलामागे दोघंही होती. सेमिसी काका ताठ बसले होते, जसे गेली तीस वर्षं बसले. कालेसिताच्या मांडीवर पिशवी.

सभापतींनी अंतिम मसुदा हातात घेतला. "मंजूर करण्यापूर्वी," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कोणी?"

पाटी उभी होती.

या वेळी पेल्याला टेकवलेली नव्हती. कालेसितानं ती हातानं धरली होती, टोकावर, सरळ. मी यादीत लिहिलं, वैतोआ. पेन कागद फाडून खालच्या लाकडात रुतलं. पेटिफर पुढे वाकला.

"वैतोआच्या प्रतिनिधी."

तिनं माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पिशवीतून कागद काढला, उलगडला. सेमिसी काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी तिचा हात धरला नाही, अडवलं नाही. मला वाटतं, ती वाचेल अशी त्यांना आशा होती.

ती कागदाकडे इतका वेळ पाहत राहिली की दुभाष्यांनी पेटीतून माना वर केल्या.

"सभापती महोदय," ती शेवटी म्हणाली. "वैतोआ..." आणि थांबली. "वैतोआ यजमान शहराचे आभार मानतो. दुभाष्यांचे आभार मानतो. पाणी देणाऱ्यांचे आभार मानतो."

हे वाक्य शेवटच्या दिवशी प्रत्येक देश म्हणतो. टाळ्याही ठरलेल्या असतात. त्या वाजल्या.

दिवा विझला. तिनं कागदाची घडी घातली. मग पाटी पालथी ठेवली, स्वतःच्या हातानं, आणि म्हाताऱ्यानं तिला ज्यापासून वाचवलं होतं तेच नेमकं झालेलं बघत तो तिच्या शेजारी बसून राहिला.

हातोडी पडली. मी वर गेले, दूध काढलं, बाटलीवर वेळ लिहिली.

७

मादाम थिबोदो डिसेंबरात निवृत्त झाली. केक आणला होता, विल्नेरनं भाषण केलं, सगळे हसले. जाताना मला म्हणाली, "एकतीस वर्षांत एकच कोडं पुरतं सुटलं माझ्याकडून. सुटलं नसतं तर बरं झालं असतं."

जानेवारीत कालेसिताची ईमेल आली, लहानशी. गुरुवारचं विमान नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद झालं. कंपनीनं कळवलं की मार्ग मुळातच परवडणारा नव्हता, त्याचा कुठल्याही परिच्छेदाशी संबंध नाही. सेमिसी काका आता घराबाहेर पडत नाहीत. लोसेला बोटीनं नेलं, एकतीस तास. मुलगी झाली. मुलगी चांगली आहे, भरपूर केस आहेत. कालेसिता तिला शेजारणींनी काढून दिलेलं दूध वाटीचमच्यानं पाजते. तुम्ही तिथे दूध किती दिवस टिकवता, थंड नसेल तर किती तास चालतं, तेवढं कळव.

मी लेओनीला छातीशी घेऊन ती ईमेल दोनदा वाचली. मग उत्तर लिहिलं. किती तास चालतं, पाणी कसं उकळायचं, वाटी कशी धुवायची, सगळं सविस्तर लिहिलं.

लोसेबद्दल तिनं काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही.